अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि चार घुमटं

हे मी लिहावं का, असा प्रश्न मला आठवडाभर पडला होता. स्टुडिओत मी फक्त दीड वर्ष काम करतो आहे, तेही कॉलेज सांभाळून. आमच्या घरात याआधी कोणी कागदावर काही लिहिलं असेल तर ते बाबांनी, खाणीवरच्या ट्रकच्या ट्रिप शीटवर, आणि तीही नुसती सही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या कामातलं काही लिही, ते आम्हाला कोणालाच माहीत नाही." म्हणून धीर केला. भाषेत चुका असतील, त्यांची आधीच माफी मागतो. व्होल्टच्या आकड्यांत चूक नाही. ते मी दोनदा मोजले आहेत.

तर दुपारचे पावणेतीन वाजले होते. डिचोलीतल्या आमच्या स्टुडिओत पेडण्याकडून आलेल्या सात बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि स्पीकरमधून असा आवाज येत होता की जणू कोणी मडक्यात फुटाणे भाजतं आहे.

"हो आमचो आवाज?" सुमतीकाकींनी विचारलं.

मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. मग म्हणालो, बघतो.

सुमतीकाकी या पथकाच्या प्रमुख. मांद्र्याजवळच्या एका वाड्यावरचं त्यांचं महिला घुमट आरती पथक. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं असतं, लहान तोंड उघडं. एका हाताने चामड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या पंजाने उघडं तोंड झाकत-सोडत आवाज घुमवायचा. जोडीला शामेळ हे काठ्यांनी वाजवायचं वाद्य आणि कासाळं ही मोठी झांज. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, घरोघरी आरत्या होतात तेव्हा वाजवणारे हात बहुतेक पुरुषांचे असतात. या सात जणींनी दोन वर्षांपूर्वी शिकायला घेतलं. वाड्यावरच्या पुरुषांच्या पथकाने त्यांना सांगितलं होतं, तुम्ही फुगड्या घाला, घुमटाने हात दुखतात.

आता एका मोठ्या स्पर्धेसाठी एकेका आरतीचं रेकॉर्डिंग मागवलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ईमेलने पोचायला हवं होतं. परीक्षक तेवढंच ऐकणार आणि पथकं निवडणार. सातही जणींना मोकळा असा हा एकच दिवस मिळाला होता. कोणाची शेती, कोणाचं गेस्ट हाऊस, कोणाच्या घरी सासू आजारी. मोबाइलवर त्यांनी एकदा करून पाहिलं होतं, पण सुमतीकाकींच्या मते मोबाइलात घुमट बिस्किटाच्या डब्यासारखं वाजतं.

आणि स्टुडिओत मी एकटा. आमचे मालक रमाकांतबाब भाच्याच्या लग्नाला फोंड्याला गेले होते. जाताना म्हणाले, "चार माईक लाव, एक बटण दाब. बाकीचें त्यो बायलो करतल्यो." मी पहिल्यांदाच एकट्याने रेकॉर्डिंग करत होतो. हे मी बायकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं, पण माझा घाम बघून त्यांना कळलं असावं.

इथे माईकबद्दल थोडं सांगायला हवं. देवळातल्या कार्यक्रमात निवेदक ज्याच्यावर टिचक्या मारून "हॅलो, हॅलो" म्हणतात तो डायनॅमिक माईक. त्याला वीज लागत नाही. तो पडला, आपटला, तरी चालतो. स्टुडिओतला माईक कंडेन्सर जातीचा. त्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो, आवाजाने तो थरथरतो, आणि त्या थरथरीचा सिग्नल बनवायला माईकला आतमध्ये वीज लागते. ही वीज बाहेरून द्यावी लागते, बहुतेक अठ्ठेचाळीस व्होल्ट. गंमत म्हणजे तिच्यासाठी वेगळी वायर नसते. ज्या केबलमधून आवाज बाहेर येतो, त्याच केबलमधून वीज आत जाते. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून तिला फँटम पॉवर म्हणतात. ती देतो ऑडिओ इंटरफेस, म्हणजे एक पेटी. तिच्या एका बाजूला माईक जोडायचे, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. पेटीवर '४८' लिहिलेलं बटण आहे. दाबलं की लाल दिवा लागतो आणि चारही माईक जागे होतात.

सकाळपासून सगळं सुरळीत होतं. बायका बारा वाजता आल्या. आधी देवाला छोटं गाऱ्हाणं घालून साखरेचा प्रसाद झाला. मग सुमतीकाकी कुंकवाची कोयरी घेऊन माईककडे निघाल्या. मी आडवा झालो. कंडेन्सर माईकच्या पडद्यावर धूळसुद्धा बसू नये, कुंकू तर नकोच. शेवटी तडजोड झाली आणि स्टँडच्या पायाला कुंकू लावलं.

दीड वाजता पहिला टेक झाला. टेक म्हणजे एकदा सलग केलेलं रेकॉर्डिंग. आवाज स्वच्छ आला, मला आनंद झाला. सुमतीकाकींना नाही.

"घुमट बसला," त्या म्हणाल्या.

पावसाळी हवा, त्यात आमचा एसी. चामडं सैल पडलं होतं आणि घुमट थप्प वाजत होतं. अशा वेळी घुमट तापवावं लागतं. पुरुष उन्हात ठेवतात किंवा चुलीवर धरतात. या पथकाची स्वतःची पद्धत होती. शामेळ वाजवणाऱ्या शेवंतीकाकींनी पिशवीतून गुलाबी हेअर ड्रायर काढला.

"हो आमचो सूर्य," त्या म्हणाल्या. "सॉकेट खय आसा रे पुता?"

रेकॉर्डिंगच्या खोलीत सॉकेट नाही, विजेची घरघर माईकमध्ये येऊ नये म्हणून. मी म्हणालो, "बाहेर कंट्रोल रूममध्ये बघा, टेबलाखाली बोर्ड आहे." आणि खालच्या बेकरीत चहा-पाव सांगायला गेलो. हे वाक्य पुढे किती महागात पडणार आहे, ते तेव्हा मला कळलं नाही.

मी परत आलो तेव्हा चारही घुमटं टणटणीत झाली होती. चहा झाला. दुसरा टेक सुरू केला. सुमतीकाकींनी एकटीने पहिली ओळ संथ उचलली तोवर आवाज उत्तम होता. मग चार घुमटं एकदम पडली आणि स्पीकरमध्ये फुटाणे सुरू झाले.

मला वाटलं, माईकचा गेन जास्त झाला. गेन म्हणजे आवाज किती मोठा करून घ्यायचा त्याचं बटण. घुमट तापल्यावर जास्त जोरात वाजणार, हे उघड होतं. गेन अर्धा केला. आवाज लहान झाला, पण फाटका तो फाटकाच. म्हणजे आवाज पेटीत येण्याआधीच फाटत होता. केबल बदलली. तेच. माईकची अदलाबदल केली. तेच. साडेतीन वाजले.

"कुंकू लावूक देऊक नाय, म्हणान," शेवंतीकाकी कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या.

"स्टँडाक लावला मा," दुसरी म्हणाली.

"स्टँड खय बिघाडला? स्टँड बरो आसा."

सगळ्या हसल्या. सुमतीकाकी हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला ते घड्याळ काढून ठेवावंसं वाटलं.

मी रमाकांतबाबना फोन लावला. मागे सनई आणि भांड्यांचा आवाज.

"कितें रे? हांव पानार बसलां."

मी सांगितलं. बोलताना माझा आवाज जरा चढला होता, कारण त्यांनी पहिल्यांदा "भिऊं नाका" म्हटलं.

"चारूय माईक फाटतात?"

"चारही."

"चार माईक एकाच दिसा आजारी पडनात. चौघांक मेळून एकच गजाल आसा, ती वीज. फोर्टीएटाचो दिवो लागला?"

"लागलाय."

"तरी मीटर लाव. आणि आयक, पांच मिनटांनी फोन कर, आतां पानार खतखतें वाडटात."

मीटर म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. केबलच्या टोकाला तीन भोकं असतात. पहिल्या आणि दुसऱ्या भोकात मीटरच्या दोन सुया धरायच्या. चुकून माईक जळू नये म्हणून मी चारही माईक आधी काढून ठेवले आणि एकेक केबल मोजली. ४७.६. ४७.६. ४७.६. ४७.६. अगदी हवे तेवढे. पुन्हा मोजलं. तेच.

पाच मिनिटांनी फोन केला. रमाकांतबाब म्हणाले, "मग वीज बरोबर आसा. मग... म्हाका कळना रे." त्यांना कळत नाही असं ते या दीड वर्षात पहिल्यांदाच म्हणाले. मी जमिनीवर बसलो.

सुमतीकाकी आल्या आणि समोर खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, आता ओरडतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "काय मोजलंस ता माका सांग."

मी सांगितलं. वीज चार माईकना जाते, मी प्रत्येक तोंडाला मोजली, पूर्ण आहे.

"माईक लावून मोजलंस?"

"नाही. काढून. म्हणजे... एकही माईक नव्हता तेव्हा."

सुमतीकाकींनी माझ्याकडे, नळावर नंबर सोडून पुढे घुसलेल्या माणसाकडे बघावं, तसं पाहिलं.

"आमच्या वाड्यार नळ आसत. कोणच पाणी घेत नाय, तेव्हा एक नळ सोडून बघलो तर धार जोरात येतलीच. चारय घरांनी सोडल्यार काय जाता ता बघ मगे."

मला लाज वाटली, कारण हेच मी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला केलं होतं. बॅटरीला काही जोडलं नसेल तर व्होल्ट पूर्ण दिसतात, भार जोडला की खाली येतात. त्या प्रयोगाला मला पूर्ण मार्क होते. तो कळला मात्र त्या दिवशी, फिजिक्सच्या लॅबपासून लांब, नळाच्या भाषेत.

आमच्या पेटीला माईक जोडायची सहा तोंडं आहेत. मी चारही माईक परत जोडले आणि पाचव्या, रिकाम्या तोंडाला केबल लावून मोजलं. मीटरने ३१ दाखवले.

"किती व्हये?" सुमतीकाकींनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस. थोडे इकडे-तिकडे चालतात. सतरा कमी चालत नाहीत."

एक माईक काढला. ३६. दुसरा काढला. ४१. तिसरा काढला. ४५. पथक मागे उभं राहून आकडे वाचत होतं, जणू कोणाचा तरी ताप उतरत होता. वीज येत होती, पण चार जणांना पुरत नव्हती. अर्धपोटी माईक हळू आवाज कसाबसा उचलतो, बोलणं, संथ गाणं. जोराचा आवाज आला की त्याला तो पेलत नाही आणि आवाज फाटतो. म्हणूनच आरतीची पहिली ओळ स्वच्छ होती आणि घुमट पडताच फुटाणे. कोडं सुटलं. पण पहिल्या टेकला याच चार माईकना वीज पुरली होती. मग आता का नाही?

मी पेटीच्या मागची वायर हातात धरली आणि ती जिथे जाते तिथे गेलो, म्हणजे टेबलाखाली. बोर्डाला चार सॉकेट. एकात लॅपटॉपचा चार्जर, दोनांत दोन स्पीकर. चौथ्यात एक जाड वायर, तिच्या टोकाला गुलाबी हेअर ड्रायर. पेटीला वीज देणारा काळा ॲडॉप्टर बाजूला जमिनीवर पडलेला.

मी ड्रायरचा प्लग काढून हातात धरून टेबलाखालून बाहेर आलो.

"हा कोणी लावला?"

"मीयां," शेवंतीकाकी म्हणाल्या.

"इथे एक काळा प्लग होता."

"होतो. तो काढलंय. चार होते, त्यात सगळ्यात बारको तो. बारक्या प्लगाचा काम बारकाच आसतला, असा वाटला माका."

"मग परत का नाही लावलात?"

"घुमट परत बसला तर? दर येळी वाकून कोण काढतला? कंबर माझी आसा, तुझी नाय."

"शेवंते!" सुमतीकाकी म्हणाल्या.

"गो, पण पेटीचो दिवो लागलेलो होतो मा! मी वाकून बघलंय. दिवो गेलो असतो तर लगेच लावलं असतंय. दिवो आसा म्हणान गप रवलंय."

दुपारभर मीही तोच दिवा बघून गप राहिलो होतो. मला नंतर रमाकांतबाबनी समजावलं की ही पेटी दोन प्रकारे चालते. ॲडॉप्टर काढला की ती कुरकुर न करता लॅपटॉपच्या यूएसबी वायरीतून वीज घ्यायला लागते. दिवे तसेच राहतात. यूएसबीतून येणारी वीज एका माईकला पुरते. चार माईकना नाही. मी पेटीला ॲडॉप्टरशिवाय कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे हे मला माहीत नव्हतं.

ॲडॉप्टर लावला. चार माईक जोडून पाचव्या तोंडाला मोजलं. ४७.४. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चार वाजून बारा मिनिटं झाली होती आणि सुमतीकाकींनी घुमटावर बोट मारून पाहिलं.

"बसला," त्या म्हणाल्या.

आता ड्रायर लावायचा कुठे? सगळ्या नजरा टेबलाखाली गेल्या. शेवंतीकाकींनी दोन्ही हात पाठीमागे धरले, हात लावणार नाही अशा अर्थाने. मी एक स्पीकर काढला, ऐकायला हेडफोन होता. घुमटं एकेक करून तापवली. शेवंतीकाकी ड्रायर फिरवत होत्या आणि सुमतीकाकी दर अर्ध्या मिनिटाला बोट मारून बघत होत्या.

चार वाजून एकतीस मिनिटांनी टेक सुरू झाला. अजून एक करायला वेळ नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिली ओळ संथ गेली. मग चार घुमटं एकदम पडली. मी हेडफोनवर हात दाबून फुटाण्यांची वाट बघत होतो. आले नाहीत. आला तो घुमटाचा खरा आवाज, आधी चामड्याचा फटका आणि त्याच्या मागून मडक्याच्या पोटातला घूं. कंडेन्सर माईकला तोही ऐकू येतो, त्याचं पोट भरलेलं असेल तर. शामेळ मध्ये जरा पुढे पळालं, सुमतीकाकींनी मान हलवली, शामेळ परत जागेवर आलं.

शेवटचा ठोका पडल्यावर आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. काचेपलीकडे शेवंतीकाकींना खोकला येत होता. त्यांनी पदर तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हलल्या नाहीत. मी रेकॉर्डिंग थांबवून हात वर केला तेव्हा त्या एवढ्या जोरात खोकल्या की मीटरचा काटा असता तर तुटला असता.

फाइल पाठवताना लॅपटॉपच्या पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि आठ माणसं तिच्याकडे, दूध उतू जाईल म्हणून बघत राहावं, तशी बघत होती. चार पन्नासला मेल गेली. सुमतीकाकींनी माझ्या हातावर उरलेल्या प्रसादाची साखर ठेवली आणि म्हणाल्या, "पोराक जेवूक घाला कोणतरी, सकाळपासून पावार आसा."

रमाकांतबाबनी दुसऱ्या दिवशी पहिला, दुसरा, शेवटचा असे सगळे टेक ऐकले. मी सगळं खरं सांगितलं, सॉकेट मीच दाखवलं हेही. त्यांनी मग बोर्डाला पाचवं सॉकेट बसवलं, त्यावर 'घुमट' असं लिहिलं आणि ॲडॉप्टरच्या प्लगला चिकटपट्टीचे तीन वेढे दिले.

माझ्यापुरता यातून घेतलेला धडा साधा आहे. दिवा लागला आहे एवढ्यावरून वीज पुरते आहे असं समजू नये. मोजायचं तर काम चालू असताना मोजावं. आणि पाहुण्यांना सॉकेट दाखवायला स्वतः जावं.

निकाल कधी लागणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी रोज मोबाइल बघत होतो. विचारायचा धीर होत नव्हता. निवड झाली नसती तर ती कोणामुळे झाली नाही, हे आम्हा आठ जणांना माहीत होतं, आणि त्या सात जणींनी ते कधीच बोलून दाखवलं नसतं.

तीन आठवड्यांनी माझी इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल होती. फोन सकाळपासून बंद. चार वाजता बाहेर आलो, डिचोलीच्या बसस्टँडवर उभा राहून फोन चालू केला. शेवंतीकाकींचा आवाजी मेसेज होता, सकाळी साडेनऊचा. म्हणजे दिवसभर अख्ख्या वाड्याला माहीत होतं आणि मला सगळ्यात शेवटी कळलं. बसच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून फोन कानाला घट्ट दाबून तीनदा ऐकला.

"पुता, आयकतंस? लिस्ट लागली! बारा पथका घेतली, त्यात आमचा बारावा. वाड्यावरचे घुमटवाले बापये सकाळपासून विचारतत, बारावा म्हणजे शेवटचा मा? मीयां सांगलंय, खालसून मोजा, पयला."